आधी मेलेले ओळखा

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘रंगारीण’ म्हणत. रक्तातल्या पेशींना रंगीत खुणा चिकटवायच्या, मग यंत्रातून एकेक पेशी सोडून कोणती कशी चमकते ते बघायचं, हे तिचं काम. जीभ तिखट. नवीन माणूस आलं की दम ठरलेला: “आधी मेलेले ओळखा, मगच जिवंत मोजा!” कारण मेलेली पेशी मिळेल तो रंग अंगाला फासून घेते आणि जिवंत असल्याचा आव आणते. म्हणून मेलेल्यांचा रंग वेगळा, आणि तो सगळ्यात आधी घालायचा.

त्या दिवशी नळीतलं रक्त तिच्या धाकट्या बहिणीचं होतं.

धाकटीला ल्युपस होता, शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळून टाकतात. धाकटीच्या अंगात ही सफाईच ढेपाळली होती. कचरा साचत होता आणि पहारेकरी पेशी त्या कचऱ्यावर तुटून पडता पडता घरच्यांवरच हात उगारत होत्या. गालावर चट्टे उठले, बोटं सुजली, आता मूत्रपिंडांची पाळी होती. नवं औषध सुरू झालं होतं. सफाईवाल्या पेशी मेलेल्यांना ज्या खुणेनं पकडतात, ती त्यांच्या अंगावर वाढलेली दिसली तरच ते चालू राहणार होतं.

“आज दुसऱ्या कुणाला करू दे ना,” धाकटीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

“माझ्याइतकं नीट कोण करणार?” रंगारीण फणकारली होती.

पडद्यावर ठिपके उमटू लागले. तिचा जीव टांगणीला लागला. ठिपके वर सरकले, दाटले. खूण वाढली होती! काचेपलीकडे बाकावर धाकटी नखं कुरतडत बसली होती. रंगारणीनं अंगठा वर केला. धाकटी ताडकन उठली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली.

मग टेबल आवरताना बर्फाच्या डब्यात तिला ती कुपी दिसली. मेलेल्यांचा रंग. सील जसंच्या तसं.

तो घालायचाच राहिला होता. कुणी पाहिलं नव्हतं. कुपी कचऱ्यात गेली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. क्षणभर तिच्या मनात तेही आलं, त्याची तिला स्वतःचीच किळस वाटली. लागू न पडणारं औषध घेत राहिली तर धाकटीचं मूत्रपिंड हातचं जाणार होतं.

उरलेलं रक्त तिनं पुन्हा रंगवलं. या वेळी मेलेले बाजूला निघाले आणि मागे उरले विरळ ठिपके, औषधाच्या आधी होते तेवढेच.

ती बाहेर आली. धाकटीनं हसत फोन तिच्या कानाला लावला. “आईला सांगून टाकलं मी! पण तिला तुझ्याच तोंडून ऐकायचंय.”

पलीकडे आई हुंदके देत हसत होती. “पोरी, वाचवलंस गं हिला.”

रंगारणीनं धाकटीचा हात घट्ट धरला.

“आई, थांब. मी चुकले.”