शेठच्या अंगणातला सिनेमा

अंबडच्या आमच्या कापूसवाल्या शेठला चांगल्या सिनेमाचं भारी वेड. दिवाळीनंतर भाड्यानं मशीन आणून ते अंगणात पांढरी चादर टांगायचे. पाव्हणे चादरीपुढं, आम्ही बौद्धवाड्यातले मागं. आम्हाला सगळा सिनेमा उलटा दिसायचा, हिरोसुद्धा डावखुरा. तरी मजा यायची.

सिनेमातल्या मालकानं गड्याला आपल्या ताटात जेवू घातलं की शेठ हमखास रडायचे. "बराबर! बिलकुल बराबर! समदे माणसं एकच!"

एकदा नेमकं तेव्हाच रीळ संपलं, दिवा लागला. शेठ गहिवरून आमच्याकडं आले.

माझा बाप म्हणाला, "शेठ, जरा पाणी मिळंल का?"

शेठनं स्वतः तांब्या आणला. "घे ना, बिलकुल तुझंच घर हाय!" म्हणाले, आणि ओल्या डोळ्यांनी हातभर वरून बापाच्या ओंजळीत धार सोडली.