सुनेचं ताट

मखमलाबादच्या मळ्यात नवसाबाई गुलाब आणि शेवंती पिकवायच्या. नवरा लवकर गेलेला, पोटी एकच मुलगा, खंडेराव. अठ्ठ्याण्णव साली त्याचं लग्न झालं आणि छाया घरात आली.

पाच वर्षं झाली तरी पाळणा हलेना. छायाची पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. अंगही सुटत चाललं होतं. नवसाबाई सुनेला कधी टोचून बोलल्या नाहीत. त्यांनी तिला खाऊ घातलं. सकाळी तुपातला शिरा, सोमवारी उपासाची साबुदाणा खिचडी. "अंगात ताकद आली की कूस उजवंल," म्हणायच्या.

शेवटी खंडेरावाने दोघींना दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला पीसीओडी म्हणतात. बीज वेळेवर तयार होत नाही. यात तुमचा काही दोष नाही. साखर, मैदा, साबुदाणा कमी करा. भाकरी, उसळ, पालेभाजी खा, उपाशी राहू नका, रोज चाला. थोडं वजन उतरलं तरी फरक पडतो."

घरी आल्यावर नवसाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "मीच तुला इख चारलं गं पोरी."

"असं नका म्हणू, आत्याबाई. एवढ्या मायेनं मला आईनंबी खाऊ घातलं नाय."

दुसऱ्या दिवसापासून तिघांच्या ताटात एकच जेवण आलं: नागलीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी. पहाटे खंडेराव फुलांच्या पाट्या लुनावर घेऊन पुढे जायचा आणि सासू-सून मागून बाजारापर्यंत चालत जायच्या. एका लग्नात छायाने चार जिलेब्या खाल्ल्या आणि घरी येऊन रडली. नवसाबाई म्हणाल्या, "जिलेबीच खाल्ली ना? चोरी तर नाय केली!"

पाचव्या महिन्यात छायाची पाळी बत्तिसाव्या दिवशी आली. एरवी पाळी आली की घरावर मळभ यायचं. त्या दिवशी नवसाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, "आली गं बया, वेळेवर आली!" की कुंपणापलीकडून शेजारच्या शकुबाई धावत आल्या.

पुढे डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या. दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्या खेपेला दिवस राहिले. २००५ साली रोशनी जन्मली. दवाखान्यात खंडेराव हात पुढे करून उभा होता, पण छायाने लेक आधी सासूच्या ओंजळीत दिली.