टाचेने दाबलेले गड्डे

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तळ्यातलं कमोद संपलं ते माझ्या एका ओळीमुळे. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात गाळ काढण्याच्या अर्जावर मी ती लिहिली. 'तळ्यात कोणतीही स्थानिक पाणवनस्पती आढळली नाही.' खाली सही केली, हुद्दा लिहिला. मी नांदेडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्या हुद्द्यासाठीच माझी सही हवी होती.

कमळ वेगळं, कमोद वेगळं. कमळाचं पान पाण्याच्या वर देठावर उभं राहतं. कमोदाचं पान पाण्यावर सपाट पडलेलं असतं, एका बाजूनं देठापर्यंत चिरलेलं, वरून हिरवं आणि उलटं केलं की जांभळट. फूल पांढरं, कधी जरा निळसर. सकाळी ऊन चढलं की उघडतं, दुपार कलली की मिटतं. विद्यार्थी मोबाइलवर परदेशी तळ्यातली पिवळी फुलं दाखवून विचारतात, "सर, हे आपल्याकडं कुठं भेटतं?" मी सांगतो, आपल्या कमोदात पिवळं असतं ते फक्त फुलाच्या पोटात, केसरांचा झुबका. फळ धरलं की देठ वळतो आणि फळाला पाण्याखाली घेऊन जातो. ते तिथंच पिकतं, फुटतं, बिया थोडा वेळ तरंगतात आणि मग तळाला बसतात. पण झाडाचा खरा जीव गाळातल्या गड्ड्यात, लहानशा अंड्याएवढ्या. उन्हाळ्यात तळं आटतं, पानं वाळून उडून जातात, वरून पाहणाऱ्याला भेगाळलेल्या मातीशिवाय काही दिसत नाही. गड्डा खाली जिवंत असतो. पाणी आलं की पान सोडतो.

हे पुस्तकातही आहे. मला मात्र ते मावशीनं शिकवलं. मावशी म्हणजे आमच्या गावातल्या भोयांच्या चार घरांपैकी एका घरातली बाई. नात्याची नाही, सगळा गावच तिला मावशी म्हणतो. मी एम.एस्सी.ला होतो, प्रकल्पासाठी तळ्यातल्या वनस्पती गोळा करत होतो आणि मांडीपर्यंत चिखलात रुतून बसलो होतो. ती काठावर उभी राहून हसली.

"लेकरा, शिकायलास का बुडायलास?"

मग हात देऊन बाहेर काढलं आणि त्या वर्षभरात मला जे दाखवलं त्याच्यावर माझी पदवी उभी आहे. कोवळे देठ सोलून लसूण-मिरचीवर परतायचे. बिया वाळवून तव्यावर भाजल्या की लाह्या होतात. गड्डे मीठ घालून उकडायचे, नाहीतर काप वाळवून पीठ करायचं. आजारातून उठलेल्या माणसाला, बाळंतिणीला त्याची पेज. श्रावणात सोमवारी ती टोपलंभर फुलं घेऊन पहिल्या एसटीनं अहमदपूरला जायची आणि महादेवाच्या देवळाबाहेर बसायची. फुलं मिटायच्या आत विकायची म्हणून तिची घाई. तिथला ओळखीचा एक दुकानदार दर खेपेला चिडवायचा, "मावशे, झोपाळू फुलं आणलीस का जागी?" ती म्हणायची, "जागीच हायत शेठ, तुमी आंघोळ करून आलाव का तेवढं सांगा."

गड्डे काढण्याची तिची एक रीत होती. पाणी मागं सरलं, चिखल अजून ओला आहे, अशा दिवसांत वरच्या उथळ काठाला ती बसायची. गड्डा हाताला लागला की आधी अंगठ्यानं जोखायची. मोठा असला तर टोपल्यात. बारका असला तर परत त्याच खड्ड्यात, आणि वरून टाच रोवायची. "त्याला दडपून ठेवायचं. उघडा ऱ्हायला तर ऊन खातंय." एक टोपलं भरेपर्यंत तिच्या मागं टाचांच्या खळग्यांची ओळ पडलेली असे.

माझ्या प्रबंधात तिच्या वाट्याला दोन शब्द आले. 'स्थानिक माहितगार.'

आता तो मे महिना. तळ्यात गाळ साचून पाणी ठरत नव्हतं, गाळ काढणं गरजेचं होतं, त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. अर्जात वनस्पतींचा एक रकाना होता. मी सुट्टीत गावी आलोच होतो. सरपंच म्हणाले, "सर, तेवढं भरून द्या. मशीन उद्या येतंय. रकाना अडला तर ते दुसऱ्या गावाला जातंय." माझा मोठा भाऊ शेजारी उभा होता. आमच्या खालच्या रानात चाळीस ट्रॅक्टर गाळ टाकायचं त्यानं ठरवून ठेवलं होतं. मी नुसताच तळ्याकडं बघतोय हे पाहून बांधावरचा एक जण म्हणाला, "सर फुलं हुडकायलेत की काय! फुलासाठी गाव तहानलेलं ठेवतेत बघा." सगळे हसले. मीही हसलो.

मी खाली उतरून वरच्या काठापर्यंत गेलो. माती कडक झाली होती, आणि त्या कडक मातीत टाचांचे खळगे होते. एकामागं एक, वाळून पक्के झालेले, मावशीच्या माघ-फाल्गुनातल्या कामाचे. प्रत्येकाखाली काय आहे ते मला माहीत होतं. माझा पाय त्यांतल्या एका खळग्यावरच होता.

वरच्या काठाची पंधरा पावलं सोडा, एवढंच म्हणायचं होतं. गाळ तरीही निघाला असता, मशीनही परत गेलं नसतं. एक ओळ जास्त लिहावी लागली असती आणि भावाचे चार-पाच ट्रॅक्टर कमी झाले असते. मी बांधावर येऊन 'आढळली नाही' एवढीच ओळ लिहिली.

पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. लोक खूश. कमोदाचं एकही पान वर आलं नाही.

दिवाळीत गेलो तेव्हा मावशी घरासमोर बसली होती. तळ्यावर जाणं तिनं सोडलं होतं. गाळ काढायच्या आधीच्या माघात तिची लेक आजारातून उठली होती, म्हणून तिनं नेहमीपेक्षा दोन टोपली गड्डे जास्त काढले होते. मशीन यायच्या आधीच तळ्यात काही नव्हतं असं माझ्या सहीचा कागद सांगत होता, म्हणून गावानं तेवढंच धरून ठेवलं. "मावशे, समदं तळं खाऊन बसलीस की!" आधी थट्टा, मग थट्टा राहिली नाही. कुणाच्या तरी सुनेनं तिला तोंडावर ऐकवलं, "देवाची फुलं खाल्लीस."

तिनं मला विचारलं, "सर, तू शिकलेला हायस. दोन टोपल्यानं मरतंय का रं सगळं?"

ती मला पहिल्यांदाच सर म्हणाली. मी म्हणालो, "सांगता येत नाही मावशी. पाऊसमान बदललंय."

पुढल्या वर्षी मी नांदेडच्या रोपवाटिकेतून पिवळ्या लिलीची तीन रोपं नेऊन काठाला लावली. बाहेरून आलेली जात. ती लावू नये हे मी वर्गात शिकवतो. फुलली, पोरं फोटो काढू लागली. मावशीला मुद्दाम बोलावून दाखवली. तिनं बराच वेळ पाहिलं. "चांगली हाय. पण आपली न्हाई." पुढच्या खेपेला मीच ती उपटून टाकली.

मागच्या वर्षी भाद्रपदात भावाचा फोन आला. "खालच्या रानात जिथं पाणी थांबतंय ना, तिथं तुझं कमोद उगवलंय बघ सोयाबीनमधी. तणनाशक मारू का?" मी म्हणालो, हात लावू नकोस. तसाच निघालो. दोन पानं होती, तळहातापेक्षा लहान. गाळासोबत येऊन तीन वर्षं कोरड्या रानात गड्डे कसे टिकले, का एखादं बी उशिरा रुजलं, मला सांगता येणार नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीला आमच्या घराच्या गच्चीवर सिमेंटच्या टाकीत ती मुळासकट लावली. वर्षभरात सात गड्डे झाले.

या श्रावणात सहा गड्डे ओल्या गोणपाटात बांधून नेले. एक टाकीत ठेवला, दगाफटका नको म्हणून. मावशीला आता नीट दिसत नाही. तिनं एका गड्ड्याला फुटलेलं पान बोटांनी उलटं केलं, खालच्या शिरा चाचपल्या आणि म्हणाली, "हेच हाय." आम्ही दोघं वरच्या काठाला गेलो. तिनं माझा खांदा धरून सहाही गड्डे स्वतः टाचेनं दाबले. पाणी भरायला आलेल्या बायका बघत होत्या. त्यांच्याकडं तोंड करून ती मोठ्यानं म्हणाली, "माझं पाप सरांनी धुतलं बाई."

तेव्हा बोलायचं होतं. चार बायका होत्या, ती होती, सगळे ऐकत होते. मी तिची चप्पल शोधत राहिलो.

आज सहापैकी चार गड्ड्यांना पानं आहेत, असं भाऊ सांगतो. ते झाडांचं झालं. मावशीचं देणं बाकी आहे. तिच्या दोन टोपल्यांनी काही मेलं नाही, ते मी मारलं, आणि मला माहीत असताना मारलं, हे मला त्याच काठावर गावासमोर तिला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.