उन्हात बसवणारे डॉक्टर

आमचे सर कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर टेकायच्या आधी ऊन कुठून येतं ते बघायचे. ओसरी, गच्ची, मोरीमागची बोळ, जिथं उन्हाचा तुकडा सापडेल तिथं जाऊन उभे राहायचे आणि घरातल्या गरोदर सुनेला हाक मारायचे, "ये गं माय, इथं बस. शेंगा सोलायच्या असतील तर इथं सोल." आणि हे कुठं, तर नांदेडात! जिथं मार्चपासूनच कुत्री गाड्यांखाली शिरतात, तिथं हा माणूस बायांना उन्हात बसवायचा. लोक त्यांना उन्हाचे डॉक्टर म्हणायचे, आणि म्हणताना जरा हसायचे.

ते तान्ह्या बाळांचे डॉक्टर, मूळचे उदगीरकडचे. मी त्यांच्या दवाखान्यातली नर्स. अहमदपूरहून आलेली, कडक इस्त्रीची, आणि स्वतःवर बेहद्द खूश. माझा तेव्हाचा फोटो परवा नातीनं पाहिला आणि विचारलं, "आजी, तू पोलिसात होतीस का?" तर अशी मी पहिल्याच आठवड्यात सरांना शहाणपण शिकवायला गेले. "सर, ऊनबिन जुनं झालं. आता औषधं निघालीत." सर म्हणाले, "हाव सिस्टर, औषध तर देऊच. पण सूर्यानं अजून राजीनामा दिला न्हाई."

हे वेड त्यांना लागलं भूकंपानंतर, मी यायच्या आधी. लातूरकडच्या गावांत ते मदतीला गेले होते. दगडमातीची घरं बसली होती आणि बाया ताडपत्रीखाली, पत्र्याच्या शेडमध्ये बाळंत होत होत्या. मी विचारलं तेव्हा चहा घेता घेता म्हणाले, "एक म्हातारी भेटली. घर गेलं, घरातली माणसं गेली. आन ती रडून राहिली होती कशासाठी, तर वल्ल्या बाळंतिणीला झाकायला अंधारी खोली न्हाई म्हणून. त्या अंधाऱ्या खोलीची जागा आपल्या मनात केवढी मोठी आहे बघा, सिस्टर." त्या म्हातारीला भेटल्यापासून ते विचार करायला लागले की आपली बाई पोटुशी असताना आत, बाळंत झाल्यावर तर आणखीच आत. मग उन्हातून मिळणारं ते 'ड' जीवनसत्त्व तिलाच नाही मिळालं, तर बाळाला कुठून मिळणार?

मला हे सगळं तोंडपाठ होतं. इतकं, की मी बाया जमवून त्यावर भाषणं द्यायची. मग माझंच बाळंतपण आलं. सर बाळ बघायला अहमदपूरला आमच्या घरी आले, तर आईनं खिडक्यांना गोधड्या ठोकलेल्या, बाजेखाली शेगडी, आणि मी सुशिक्षित, प्रशिक्षित, कानाला फडकं बांधून शेपा चघळत बसलेली. धुरात सरांना मी दिसलेच नाही. "सिस्टर कुठं हायत?" त्यांनी विचारलं. मी आतून म्हणाले, "सर, वारं लागतं ना." ते इतके हसले की बाळ दचकून उठलं. मग स्वतः स्टुलावर चढून त्यांनी एक गोधडी काढली. आई दोन महिने त्यांच्या नावानं बोटं मोडत होती.

त्यांचं खरं दुखणं मात्र वेगळं होतं. काही बाळं जन्मतात आणि रडत नाहीत. त्या थोड्या वेळात मेंदूला प्राणवायू पुरत नाही आणि जन्मभराची इजा होऊन बसते. अशी बाळं हिमायतनगर, नायगावकडून जीपमध्ये घालून आमच्याकडे यायची. सर अशा बाळांचं आणि जन्मताच रडलेल्या बाळांचंही थोडं थोडं रक्त तपासायला मुंबईला पाठवायचे. बर्फाचा थर्मास ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती देताना असे बजावायचे, जणू लेकच सासरी निघाली आहे. वर्षं गेली, आणि दिसायला लागलं की न रडलेल्या बाळांमध्ये ते जीवनसत्त्व बरेचदा कमीच निघतं.

"सापडलं की मग कारण!" मी टाळी वाजवली.

"न्हाई. कमी आहे, एवढंच सापडलं. कमी होतं म्हणून हे झालं, का हे झालं म्हणून कमी आलं, का दोन्हीच्या मागं तिसरंच काहीतरी हाय, सांगता येत न्हाई."

हे 'सांगता येत नाही' त्यांच्या तोंडी कायम असे. काचेच्या पेटीतल्या बाळाकडे बघत एखादी आई विचारायची, "सायेब, माझंच कायी चुकलं का?" तेव्हाही ते हळू आवाजात तेच सांगायचे. खोटं एक अक्षर बोलायचं नाही, दिलाशासाठीसुद्धा नाही. मला ते फार थोर वाटायचं. मीही मान वाकडी करून, चेहरा गंभीर करून, तसंच म्हणायला शिकले होते. त्या बाया कशा घरी जात असतील, हा प्रश्न माझ्या इस्त्रीच्या डोक्यात कधी आला नाही.

सरांची एकुलती एक मुलगी मंजू. दहावीला चांगले गुण पडले आणि तेव्हा सगळ्यांचीच मुलं जात होती तशी ती लातूरला गेली, शिकवण्यांना. खोली अशी, की खिडकी उघडली तर शेजारच्या भिंतीला हात लागावा. उजाडायच्या आत क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, मग ट्यूबलाइटखाली अभ्यास. दोन वर्षं. सर रविवारी एसटीनं डबा घेऊन जायचे. एकदा मीही बरोबर होते. जिन्यात पाऊल ठेवल्याबरोबर सरांनी विचारलं, "या टेस्टला किती पडले?" मंजूनं सांगितलं. आम्ही त्या दिव्याच्या उजेडात बसून धपाटे खाल्ले आणि परत आलो. गावभरच्या सुनांना उन्हात बसवणाऱ्या माणसानं त्या खोलीत ऊन कुठून येतं ते पाहिलंच नाही.

मंजू इंजिनियर झाली, पुण्यात नोकरीला लागली. तिथंही दिवसभर काचा आणि एसी. लग्न झालं, पहिलं बाळंतपण म्हणून नांदेडला माहेरी आली. सातव्या महिन्यानंतर आलेल्या लेकीला सरांनी रोज गच्चीवर बसवलं, गोळ्या दिल्या, सगळं केलं.

बाळ रडलं नाही.

सरांनी स्वतः फुगा दाबून श्वास दिला. मी शेजारी उभी होते. त्यांचे हात नेहमीसारखेच चालत होते, फक्त ते तोंडानं 'रड, रड गं माय' म्हणत होते, आणि तसं ते कधी म्हणत नसत. बऱ्याच वेळानं मांजराच्या पिलासारखा आवाज आला. ओवी जगली. पण इजा व्हायची ती झाली होती.

रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी मंजूनं विचारलं. डॉक्टरचीच मुलगी, तिला काय विचारायचं ते माहीत होतं. "बाबा, माझं आणि तिचं किती आलं?"

"कमी आहे. दोघींचंही."

"मग हे माझ्यामुळं झालं का?"

मला वाटलं, आता तरी सर 'नाही' म्हणतील. पण आयुष्यभराची सवय पुढं आली. "सांगता येत नाही, मंजू," ते म्हणाले.

तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर सर बदलले. न रडलेलं बाळ आलं की बाळाला तपासून झाल्यावर पहिले आईकडे जायचे आणि ती विचारायच्या आतच सांगायचे, "तुझ्यामुळं न्हाई झालं, बाई. तुझं कायीच चुकलं न्हाई." नव्यानं आलेल्या एका डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं, "सर, असं खात्रीनं कसं म्हणता येईल?" सर म्हणाले, "तू तुझ्या परीक्षेत लिहू नको. इथं मात्र म्हण."

मी एकदा धीर करून विचारलं, "सर, मंजूला सांगितलं का हे?"

"फोन उचलला की ती ओवीच्या औषधांचं बोलते. दुसरं कायी बोलू देत न्हाई." मग थोडं थांबून म्हणाले, "आन सांगितलं तरी ती मानणार न्हाई. मी दिलासा द्यायला खोटं बोलत न्हाई, हे तिच्याइतकं कुणाला माहीत हाय? आता बोललो तर तिला वाटंल, बापाला दया आली."

"तरी सांगा, सर."

"हाव, सांगतो. दिवाळीला येणार आहे ती."

दिवाळीच्या आधीच ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मंजू आली. माती झाली, माणसं पांगली. मागच्या खोलीत ती ओवीच्या पायांना तेल लावून व्यायाम देत होती. पोरगी हसते गोड, पण पाय अजून उचलत नाही. मी जवळ जाऊन बसले. आयुष्यभर नको तिथं चुरूचुरू बोललेली मी, आधी तेलाची वाटीच तिच्याकडे सरकवली. शेवटी म्हणाले, "मंजू, तुझ्या बाबांनी ओवीनंतर एकाही आईला 'सांगता येत नाही' म्हटलं नाही गं. पहिल्यांदा हेच सांगायचे, की बाई, तुझ्यामुळं झालं नाही. मी या कानांनी ऐकलंय."

तिचे हात थांबले.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"किती बरं वाटलं असेल त्या आयांना," मंजू म्हणाली, आणि तिनं ओवीचा दुसरा पाय हातात घेतला.