टाकीवाल्याचं नाव

आमच्या वाडीला मानसाची पारख कधी नव्हती, आन आजबी न्हाई. चौसाळ्यापासून दोन कोस, चाळीस उंबऱ्यांची वाडी, पन तोरा असा की निजामसरकार जनू हितंच दरबार भरवतंय! ज्याचं धोतर पांढरं त्यो मोठा मानूस. ज्याचे हात काळे त्याला नुसतं "ए, हिकडं ये." एवढीच ह्यांची अक्कल.

आमचं मानूस, म्हंजी माझा नवरा, काळ्या हाताचं. जात्याला टाकी लावायचं काम. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की पीठ पडत न्हाई, नुसता भरडा पडतो. मग त्या दगडाला छिन्नी-हातोड्यानं टोचून पुन्ना खरबरीत करावं लागतं. दारोदार बसायचं, टकटक करायचं, शेरभर जवारी पदरात पडली की उठायचं. पाटोद्याकडनं असंच टाकी लावत लावत मला घिऊन ह्या वाडीत आलं आन हितंच ऱ्हायलं. भाऊ न्हाई, भावकी न्हाई, आमाला लेकरूबी झालं न्हाई. दोघंच. सगळी वाडी त्याला टाकीवाला म्हनायची. लहान पोरगंबी "ए टाकीवाल्या" म्हनायचं आन ह्ये "काय रं बाळा" म्हनून हसायचं. मला असा राग यायचा त्या हसन्याचा!

वाडीतल्या गड्यांचं तर काय सांगावं! औत सुटलं की पारावर बसून तंबाखू मळायची, मिशीला पीळ भरायचा आन कोन किती पैलवान ह्याच्या गप्पा मारायच्या. आमच्या मानसाला त्ये ऐकून कसं कुनाला ठाऊक, येडच लागलं. पालीकडं बिंदुसरेच्या पात्रातनं गाडीत घालून तीन काळे धोंडे आनले. म्हैनाभर घासून घासून त्यांच्या गोल गोट्या केल्या. त्यांना नावं ठिवली धाकली, मधली, थोरली. मी म्हनलं, "बया बया, सवती आनल्या काय तीन?" दिवसभर लोकांची जाती टोचायची आन सांजच्याला ह्या सवतींपाशी बसायचं!

नागपंचमीला मारुतीपुढं गोट्या उचलायच्या. गोटी मांडीवर घ्यायची, मांडीवरनं छातीला, छातीवरनं खांद्यावर, आन खांद्यावरनं मागं वाळूत टाकायची. मागं पडली तरच उचलली म्हनायची, फुडं टाकली तर न्हाई. वाळू चाळून टाकनार आमचं मानूस. हाताला लावायला राख आननार आमचं मानूस. हलगीवाल्याला चौसाळ्याहून बोलावनार त्येच, आन उचलनाऱ्याच्या मागं दोन्ही हात पसरून उभं ऱ्हानारबी त्येच. कुनाचा पाय डगमगला की ह्याचे हात आधी पोचायचे. आन ताक कुनाचं? माझ्या घरचं! गडी तालीम करून आले की घागरभर ताक पिऊन जायचे. "वयनी, लई झाक," म्हनायचे. झाक म्हनायला काय जातं तुमच्या बापाचं!

पाटलाचं नाव रामकिसन. त्ये पारावर लोडाला टेकून पान खायाचं आन म्हनायचं, "रिकामटेकड्यांचं काम हाय." त्याच्या पुतन्याला, सिदूला, एका पंचमीला हुक्की आली. मधलीला हात घातला. मांडीपत्तुर आनली कशीबशी, डोळे भायेर आले, आन दिली फुडं सोडून. त्याच्याच अंगठ्यावर पडायची, थोडक्यात वाचला. आन सगळी वाडी वरडतीया, "उचलली! उचलली!" हलगी वाजाया लागली. आमचं मानूस म्हनलं, "न्हाई उचलली."

पाटील म्हनला, "आबे टाकीवाल्या, पुतन्या हाय माझा."

"पुतन्या हाय, पाटील. पन गोटी न्हाई उचलली."

झालं! पाटलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाडीत फर्मान, टाकीवाल्याला कुनी दारात बशिवायचं न्हाई. आन ह्यो शाना गाव, दोन म्हैने भरडा खात बसला पन हूं की चूं केलं न्हाई. शेवटी पाटलीनबाईचंच जातं बसलं. तवा ती मागल्या दारानं बोलवाया आली. दोन म्हैने आमी काय खाल्लं ते इच्यारू नका. मी लई भांडले. म्हनलं, "हो म्हनला असता तर तुमची जीभ झडली असती काय?" तर म्हनतंय, "बंकटनं थोरली खांद्यावरनं मागं टाकली. सिदूलाबी हो म्हनलं, तर बंकटनं केलं ते काय मग?" असलं मानूस. त्याच्याशी भांडून काय उपेग!

बंकट म्हंजी मेंढरं राखनारा गडी. थोरलीला चार वर्सं कुनी हलवलं नव्हतं, त्यानं हलवली. आमच्या मानसाला त्यो वस्ताद म्हनायचा, त्यो आन त्याच्या जोडीचे चार गडी. सगळ्या वाडीत तेवढ्या पाच जनांनीच त्याला "ए" म्हनलं न्हाई.

मग मानमोडीचं साल आलं. आंग तापायचं, मान मोडून यायची, आन चार दिसांत मानूस खलास. एकेका दिसाला दोन-दोन मढी निघायची. आमचं मानूसबी गेलं. पाटील आला न्हाई. पाचच गडी आले, त्यांनीच खांदा दिला.

दुसऱ्या वर्सी लिंबागणेशच्या जत्रेत ह्या पाचांनी गोट्या उचलून सगळ्या तालुक्याच्या तोंडचं पानी पळवलं. तितं बीडचे नवे तहसीलदार व्हते, त्यांना ह्या कसरतीचा लई शौक. त्यांनी इच्यारलं, चाळीस घरांच्या वाडीत एवढे पैलवान आले कुठून? बंकट म्हनला, "वस्तादामुळं, सायेब. आता ते न्हाईत." तर सायेब म्हनले, मी तुमच्या वाडीत येनार, एकेकाला फेटा बांधनार, आन सरकारी कागदावर नावं लिवनार. कागद कचेरीत ऱ्हानार. सगळ्यात वर वस्तादाचं नाव, मग तुमचं.

बंकटनं येऊन मला सांगितलं तवा मी नाक मुरडलं. म्हनलं, "मेलेल्याला फेटा बांधून काय करता?" तोंडानं म्हनलं. पन मनात तेवढं एकच घिऊन बसले. मला फेटा नगं, कौतिक नगं, पन त्या कागदावर त्याचं नाव पायजे. त्येबी सगळ्यात वर. चार दिस मला दुसरं काय सुचलं न्हाई. लुगडं धुतलं, वाळवलं, पुन्ना धुतलं. मला काय म्हाईत फुडं काय वाढून ठिवलंय!

सायेब आले सकाळी. चावडीफुडं सतरंजी. आन पाटलाचा थाट काय इच्यारता! ज्यानं जल्मात गोटीला बोट लावलं न्हाई, त्यो सायबाला गोट्या दावतोय, "ही धाकली, ही थोरली, माझ्या देखरेखीत सगळं." कसली देखरेख करतो मुडदा! पान थुकायला उठला तेवढीच त्याची मेहनत. फेटे बांधायला लागले तर पैला कोन? सिदू! पाटलानं यादीत घुसडला व्हता. फेटा कानावर उतरला तरी छाती काढून बसला. मागनं बंकट आन बाकीचे. आमी बाया लिंबाखाली.

मग सायबाचा लिवनारा, खाजामियाँ पेशकार, कलम घिऊन बसला. म्हनला, "सबसे ऊपर उस्ताद. नाम बोलो. बाप का नाम बोलो."

बंकट म्हनला, "टाकीवाले वस्ताद."

"अरे, टाकीवाला तो धंदा हुआ. नाम क्या?"

बंकटनं तोंड उघडलं आन तसंच ऱ्हायलं. बाकीच्या चौघांकडं बघितलं. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. पाटलाकडं बघितलं तर पाटील मिशीला पीळ भरतोय. आवं, कुनालाच ठाऊक न्हाई! वीस वर्सं. घराघरातलं जातं त्यानं टोचलं, घराघरातल्या पोराच्या मागं हात पसरून उभं ऱ्हायलं, आन चाळीस उंबऱ्यांत एकाला त्याचं नाव म्हाईत न्हाई! जमीन न्हाई, त्यामुळं सरकारी दप्तरातबी न्हाई. मला आधी हसू आलं, खरं सांगते. मग अंगाचा नुसता जाळ झाला.

मी शेजारच्या बायनाबाईला ढोसलं. भिंतीला भिंत हाय आमची, रोज ताक मागाया यायची. म्हनलं, "सांग की गं." तर ती म्हनती, "काय सांगू बाई, मी तर टाकीवालंच म्हनते." तुज्या तोंडात माती!

तेवढ्यात पाटील खाकरला. "सायेब, त्यो परमुलखी मानूस, मरून गेला. बंदोबस्त तर आमचाच व्हता. वर लिवा, रामकिसन पाटील."

पेशकारानं सायबाकडं बघितलं. सायबानं बंकटकडं बघितलं. बंकट खाली बघतोय, डोळ्यांत पानी. आन पेशकारानं कलम दौतीत बुडवली.

बाईमानसानं नवऱ्याचं नाव घिऊ नये. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी हुतं म्हनत्यात. मी कधी घेतलं न्हाई. मानमोडीत त्याची मान मांडीवर घिऊन बसले व्हते, तवाबी "आवं, आवं" करत ऱ्हायले, नाव घेतलं न्हाई. म्हनलं, आता कमी व्हायला काय ऱ्हायलंय? उठले. बायनाबाई पदर वढतीया, "आगं बया, खाली बस!" दिला हिसका. चावडीफुडं गेले आन म्हनलं, "आश्रुबा."

पेशकार म्हनला, "जरा जोर से, बाई."

"आश्रुबा! बापाचं नाव मसू. आश्रुबा मसू!"

लिंबाखाली बाया तोंडावर पदर घिऊन "आगं आगं" कराया लागल्या. पाटील वरडला, "चावडीफुडं नवऱ्याचं नाव घेती, लाज हाय का न्हाई?"

"मला कशाची लाज?" मी म्हनलं. "वीस वर्सं त्यानं तुमची जाती टोचली. त्याच्या हातचं पीठ खाल्लं समद्यांनी. आन नाव इच्यारलं तर एक तोंड उघडत न्हाई. लाज तुमी धरा की, पाटील! आन ह्या सिदूनं गोटी उचलली न्हाई. फुडं टाकली व्हती. त्येबी लिवा."

कुनी हसलं, कोन ते बघितलं न्हाई. सिदूनं फेट्याला हात लावला. सायबानं हात वर केला, पाटील गप झाला. सायेब पेशकाराला एवढंच म्हनले, "लिखो."

पेशकारानं लिवलं. उजवीकडनं डावीकडं, लई येळ लागल्यावानी वाटलं. मला काय लिवता-वाचता येत न्हाई. ह्या वाडीचा इस्वास मला न्हाई, कागदाचा तरी का धरावा? म्हनलं, "भाऊ, काय लिवलंय ते वाचून दावा."

खाजामियाँनं कागद वर धरला. "उस्ताद, आश्रुबा वल्द मसू."

वीस वर्सांत त्याचं नाव दुसऱ्या कुनाच्या तोंडून मी पैल्यांदाच ऐकलं. म्हनलं, "आनखी एकदा वाचा." त्यानं वाचलं. मग मातर समद्या वाडीफुडं, चावडीच्या पायऱ्यांपाशी, मी खाली बसले आन रडले.