आकाशातून पडणारा झेंडू

मंडळी, द्वारका चौकातल्या सायबर कॅफेतून लिहितेय. बोटांना अजून झेंडूचा वास आहे.

माझी विज्ञानकथा आठवते ना? ढगांत काचेचं शहर, खाली जमिनीवर आपण. वरच्यांच्या करमणुकीसाठी खालच्या दोन मुली मरेपर्यंत लढतात, आणि जिंकणारीवर आकाशातून झेंडू पडत राहतो.

आज पहाटे मळ्यात फुलं तोडता तोडता ती काकूला सांगितली. वाटलं, लढाईत रमेल. ती फुलांतच अडकली.

"एवढा झेंडू तोडतं कोण गं?"

"खालचीच माणसं."

"सामन्याच्या आधीच तोडावा लागत आसंल ना?"

"हो, पहाटेच."

काकू पाटी कमरेवर घेऊन उभी राहिली. "मंग लढणारीची आई बी तोडत आसंल. तो तिच्या पोरीवर पडंल का पोरीला मारणारीवर, तिला काय ठाऊक?"

धुक्यात सगळा मळा पिवळा तरंगत होता. एवढ्या मोठ्या कथेत त्या आईला मी जागाच ठेवली नव्हती.

"तोड बाई, मार्केटची गाडी यायची येळ झाली," म्हणत काकू पुन्हा वाकली.

त्या आईच्या जागी तुमचा हात थांबला असता का? माझा तर आज थांबला नाही.