मोराशेजारचा चेहरा

शाळेच्या हॉलचे पडदे ओढून आम्ही भर दुपारी अंधार केला होता. टॉर्चच्या उजेडाने हवेत चित्र काढायचे आणि कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून ते सगळे एका फोटोत टिपायचे, हे मी मुलांना उद्याच्या प्रदर्शनातल्या स्पर्धेसाठी शिकवत होतो. "काळे कपडे घाला, हलत राहा," मी बजावले होते. "टॉर्च धरणारा फोटोत दिसता कामा नये."

नववीतल्या रोहिणीने सुरेख मोर काढला. मग ती त्याच्याशेजारी थांबली आणि टॉर्च तिने स्वतःच्या तोंडावर धरला.

"अगं, वाया घालवलास फोटो!"

"वाया कसा, सर? मोर मी काढलाय. मग मी दिसले तर काय बिघडलं?"

"मोराला लांडोर मिळाली!" मागून कुणीतरी ओरडले.

"तुझ्या मोराची तर कोंबडी झाली होती," ती म्हणाली.

माझे बोट फोटो पुसायच्या बटणावर होते. मोराशेजारी हनुवटी वर केलेला, घामेजलेला चेहरा. असे किती चेहरे मी चुका म्हणून पुसले! घरी पाहुणे आले की आईला मी म्हणायचो, "तू आतच थांब," आणि तिच्या हातची पुरणपोळी मात्र मिरवत बाहेर आणायचो. ती थांबायची. मला ते कधी खुपले नाही.

बोट मी मागे घेतले. उद्या प्रदर्शनात हाच फोटो मधोमध लागेल. परीक्षक म्हणतील, नियमात बसत नाही. नसेना का. उतरवायचा तर त्यांनी उतरवावा. माझा हात आता त्यासाठी उठणार नाही.